बहुरूप्याचा पत्ता

फुलपाखरांची कुठलीही मार्गदर्शिका उघडा, वर्णनाचा क्रम ठरलेला असतो. आधी पंखांचे रंग, मग ठिपके आणि पट्टे, मग पंखांची रुंदी, उडण्याची तऱ्हा, आणि पानाच्या तळाशी जागा उरली तर एका ओळीत अधिवास व खाद्यवनस्पती. छापायला हा क्रम सोयीचा आहे, कारण पंखांचा फोटो लगेच नजरेत भरतो आणि झाडाचं नाव कुणी वाचत नाही. पण आपल्याकडच्या एका अगदी नेहमीच्या फुलपाखरापुढे हा क्रम हमखास फसतो. ते फुलपाखरू म्हणजे कॉमन मॉर्मन, शास्त्रीय नाव पॅपिलिओ पॉलिटिस. ते कोणत्या झाडाभोवती घुटमळतं ते आधी पाहावं आणि पंखांकडे नंतर वळावं, असं माझं म्हणणं आहे. निदान या जातीपुरता तरी अधिवास हा ओळखीचा पायाच आहे.

आधी सोपा भाग उरकू. कॉमन मॉर्मन स्वॅलोटेल कुळातलं. स्वॅलो म्हणजे भिंगरी. तिच्या दुभंगलेल्या शेपटीची आठवण करून देणारी टोकं या कुळातल्या अनेक फुलपाखरांच्या मागच्या पंखांना असतात, म्हणून हे नाव. (नावावर फार विसंबू नये. याच कुळातल्या आणि लिंबाच्या झाडावर सर्रास दिसणाऱ्या लाइम बटरफ्लायला शेपटीच नसते.) कॉमन मॉर्मनचा नर ओळखायला अवघड नाही. काळाभोर, पंख पसरले की साधारण नऊ-दहा सेंटिमीटर रुंद, मागच्या पंखांवर आडव्या ओळीत पांढरे ठिपके आणि पुढच्या पंखांच्या कडेला टोकाकडे लहान होत गेलेले पांढरे टिपके. एकदा पाहिला की पुन्हा चुकत नाही. पुस्तकातल्या चित्राशी ताडून पाहावा आणि मोकळं व्हावं.

खरी पंचाईत मादीची आहे. तिची भारतात तीन रूपं आढळतात. पहिलं, सायरस नावाचं, जवळजवळ नरासारखं असतं. फरक इतकाच की मागच्या पंखांच्या कडेला तांबड्या चंद्रकोरी उठून दिसतात. दुसरं रूप स्टिकिअस. त्याच्या मागच्या पंखांच्या मध्यावर पांढरा डाग आणि कडेला लालसर ठिपके, म्हणजे हुबेहूब कॉमन रोझ या वेगळ्याच फुलपाखरासारखं. तिसरं रोम्युलस. पुढच्या पंखांवर पांढरे पट्टे आणि मागच्या पंखांवर लाल ठिपके, म्हणजे क्रिमझन रोझची नक्कल, जराशी फिकट. एकाच मादीच्या अंड्यांतून ही वेगवेगळी रूपं निघू शकतात. चित्रांवरून जाती ठरवणाऱ्यांची यात किती फसगत व्हावी? खुद्द लिनिअसची झाली. १७५८ साली त्याने या एकाच फुलपाखराला पॉलिटिस आणि पॅमन अशी दोन नावं देऊन दोन जाती मानल्या. होमरच्या महाकाव्यात हे दोघेही राजा प्रायमचे मुलगे आहेत, तेव्हा नकळत का होईना, त्याने भावंडंच निवडली म्हणायची. पुढे आल्फ्रेड रसेल वॉलेसने १८६५ मध्ये छापलेल्या मलय प्रदेशातल्या स्वॅलोटेलांवरच्या निबंधात या निरनिराळ्या दिसणाऱ्या माद्या एकाच जातीच्या आहेत, हे नीट मांडलं. इंग्रजी नावातला मॉर्मन हा शब्दही याच गोंधळातून आला असं सांगतात. एका नराच्या अनेक तऱ्हेच्या माद्या दिसतात, म्हणून पूर्वी बहुपत्नीत्व पाळणाऱ्या अमेरिकेतल्या मॉर्मन पंथावरून हे काहीसं खट्याळ नाव पडलं. मराठीत याला बहुरूपी म्हणणं कितीतरी शहाणपणाचं. आपल्याकडचा बहुरूपी पोलिसाचं सोंग घेऊन दारात उभा राहतो तेव्हा क्षणभर पोटात गोळा येतो आणि तेवढ्या क्षणात त्याचं काम होऊन जातं. या मादीचंही तसंच आहे.

कारण ती ज्यांचं सोंग घेते ती दोन्ही रोझ फुलपाखरं विषारी आहेत. त्यांच्या अळ्या ॲरिस्टोलोकिया गटातल्या वेलींवर वाढतात. सापसंद किंवा ईश्वरी नावाने ओळखली जाणारी कुंपणावर चढणारी वेल आणि काळ्या जमिनीत, शेताच्या बांधावर पसरणारी किडामार या त्यातल्या आपल्याकडच्या दोन. या वनस्पतींमधली ॲरिस्टोलोकिक आम्लं माणसाच्या मूत्रपिंडालाही घातक ठरतात. अळी मात्र ती पचवून अंगात साठवते आणि ते विष पुढे फुलपाखरातही उतरतं. कोतवालासारख्या कीटकखाऊ पक्ष्याने असं फुलपाखरू एकदा तोंडात धरून टाकून दिलं की लाल-काळ्या पंखांचा धडा त्याच्या लक्षात राहतो. शिवाय रोझ फुलपाखरांचं शरीर चिवट असतं. चोचीत सापडूनही ती पुष्कळदा जिवंत सुटतात. कॉमन मॉर्मनच्या अंगात असलं काही विष नाही. त्याची मादी दुसऱ्याच्या बदनामीवर जगते. निरुपद्रवी जीवाने विषारी जीवाचं रूप घेण्याची ही तऱ्हा हेन्री वॉल्टर बेट्सने ॲमेझॉनच्या जंगलातल्या फुलपाखरांवरून १८६२ मध्ये प्रथम उलगडून दाखवली, आणि तिला आजही त्याचंच नाव आहे.

आता प्रश्न असा की जे पंख तीक्ष्ण नजरेच्या पक्ष्याला फसवण्यासाठीच घडले आहेत, ते पाहून आपण निर्धास्तपणे नाव कसं सांगायचं? जाणकार यावर एक चांगली खूण देतात, आणि ती खरी आहे. रोझ फुलपाखरांचं डोकं आणि पोट लाल असतं, मॉर्मनच्या मादीचं शरीर काळं. फोटो नीट आला असेल तर एवढ्यावर वाद मिटतो. पण बाजूने दिसलेलं, फुलावर पंख फडफडवत राहिलेलं किंवा सरळ निघून जाणारं फुलपाखरू ही खूण दाखवेलच असं नाही. उडण्याच्या ढंगाचंही तसंच. रोझ संथ, तरंगत उडतात, आपल्याला कुणी हात लावणार नाही अशा थाटात. मॉर्मनची मादी निवांत असताना तीच चाल धरते आणि बिथरली की मूळच्या वेगवान, वेड्यावाकड्या उडण्यावर येते. सोंग पंखांपुरतं नाही, ते चालीतही मुरलेलं आहे.

एका जागी मात्र तिला सोंग आणताच येत नाही, आणि ती जागा म्हणजे अंडी घालण्याचं झाड. रोझची मादी सापसंदीशिवाय किंवा तिच्या नात्यातल्या वेलींशिवाय अंडी घालत नाही. मॉर्मनची मादी त्या वेलीकडे ढुंकून पाहत नाही. तिला लिंबाच्या कुळातली झाडं लागतात. कढीपत्ता, लिंबू, संत्रं, मोसंबी, बेल, बागेत लावलेली कुंती, रानातलं माकडलिंबू. पानांच्या उंचीवर रेंगाळणारी मादी पानावर टेकते, पुढच्या पायांनी भरभर टकटक करते आणि मगच पोट वाकवून एक अंडं चिकटवते. ही टकटक म्हणजे चव घेणं. फुलपाखरांच्या पायांवर चवीची इंद्रियं असतात आणि पानातली रसायनं पटली तरच अंडं घातलं जातं. म्हणजे जिच्या पंखांवरून आपण फसतो, ती स्वतः पंखांवर नव्हे तर पानावर भरवसा ठेवते. लाल ठिपक्यांची, शेपटीवाली काळी मादी कढीपत्त्यावर पोट वाकवताना दिसली, तर ती रोझ असण्याची शक्यता संपली. याहून निर्णायक पुरावा पंखांवर कुठेच छापलेला नाही.

अळीकडे पाहिलं तरी हेच. अंड्यातून निघालेली अळी सुरुवातीला पक्ष्याच्या ताज्या शिटेसारखी दिसते, तपकिरी-पांढरी, ओलसर चमकणारी. मोठी झाली की हिरवी होते आणि पानात मिसळून जाते. डिवचली की मानेमागून लाल, दुभंगलेलं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. कोश ज्या जागी लटकतो त्या जागेप्रमाणे हिरवा किंवा तपकिरी होतो. रोझच्या अळ्या अगदी वेगळ्या, गडद रंगाच्या आणि अंगभर मांसल लाल टोकं असलेल्या. विष असलेल्याला लपायची गरज नाही. मादीच्या पंखांनी घेतलेलं सोंग अळीने घेतलेलं नाही. ती शिटेचं सोंग घेते, ते सोंग वेगळं आणि त्याचा प्रेक्षकही वेगळा.

अधिवासाचा धागा इथेच संपत नाही. मादीचं कोणतं रूप कुठे जास्त दिसेल, हेही जागाच ठरवते. नक्कल तिथेच चालते जिथे अस्सल आहे. ज्या भागात विषारी रोझ उडतच नाही, तिथल्या पक्ष्यांना लाल-काळ्या पंखांची भीती शिकवणार कोण? म्हणून हिमाचलमध्ये शिमल्याच्या परिसरात, जिथे रोझ फुलपाखरं नाहीत, तिथे नरासारखी दिसणारी सायरस मादी सर्रास आढळते, आणि जिथे कॉमन रोझ मुबलक तिथे स्टिकिअस. जपानच्या दक्षिणेकडच्या र्‍युक्यू बेटांवर तर हे घडताना पाहायला मिळालं. मियाको बेटावर १९७० च्या दशकात कॉमन रोझने बस्तान बसवलं आणि त्यानंतर तिथल्या मॉर्मनमध्ये नक्कल करणाऱ्या माद्यांचं प्रमाण वाढलं. म्हणजे मादीचे पंख हे शेजाऱ्यांविषयीचं एक टिपणच आहे. तिचं रूप पाहून आसपास कोणती वेल उगवत असेल याचा अंदाज बांधता येतो. सगळ्याच माद्या नक्कल का करत नाहीत, याचं उत्तरही यातच आहे. नकला अस्सलापेक्षा फार वाढल्या की पक्ष्यांना चविष्ट फुलपाखरंच जास्त भेटू लागतात आणि सोंगाचा वचक उरत नाही.

या सोंगामागची यंत्रणा शोधायला शतकभर लागलं. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात फ्रायर नावाच्या संशोधकाने सिलोनमध्ये ही फुलपाखरं पिढ्यान्‌पिढ्या वाढवून दाखवलं की मादीची रूपं मेंडेलच्या नियमांनी वारशाने येतात, आणि नर ते गुण पुढच्या पिढीला देतो पण स्वतः दाखवत नाही. पंखांचा रंग, ठिपक्यांची मांडणी, हे सगळं एकत्र बदलतं म्हणजे शेजारीशेजारी चिकटलेल्या अनेक जनुकांचा गट असणार, असा तर्क पुढे बराच काळ चालला. २०१४ साली नेचर नियतकालिकात कृष्णमेघ कुंटे, मार्कस क्रॉनफोर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की किल्ली एकाच जनुकात आहे, डबलसेक्स या जनुकात. कीटकांमध्ये नर-मादीचा फरक घडवणारं हे जुनंच जनुक. त्याच्या निराळ्या आवृत्तीने मादीच्या पंखांची सगळी चित्रकारी फिरवली. नक्कल फक्त मादीतच का दिसते, याचा दुवाही इथे सापडतो. कुंटे बंगळुरूच्या राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्रात काम करतात. द्वीपकल्पीय भारतातल्या फुलपाखरांवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक २००० साली आलं आणि आपल्याकडे फुलपाखरं पाहणाऱ्या कितीतरी जणांच्या झोळीत ते असतं.

माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप उघड आहे. फुलपाखराला पंख आहेत, ते झाडाला बांधलेलं नाही. घाणेरीच्या, जास्वंदीच्या, इक्झोराच्या फुलावर ते मध पिताना दिसलं तर झाडावरून काय कळणार? काहीच नाही, हे मान्य. मधासाठी ते कुठल्याही फुलावर जातं, आणि नर तर ओल्या मातीवर क्षार शोषायलाही उतरतात. पण मधाचं फूल म्हणजे वाटेवरची खानावळ. खानावळीत भेटलेल्या माणसाचं गाव कसं सांगणार? ज्या झाडावर अंडी पडतात आणि अळी वाढते तेच त्याचं घर. म्हणून फुलावरच्या फुलपाखराचा फोटो काढून थांबण्यापेक्षा मादी पानांकडे कधी वळते याची वाट पाहावी. तोवर आसपास कढीपत्ता आहे की सापसंद, एवढी नजर टाकली तरी पुष्कळ शंका फिटतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लिंबाच्या एकाच झाडावर लाइम बटरफ्लाय अंडी घालतं, कॉमन मॉर्मन घालतं आणि २०१५ साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं ब्लू मॉर्मनही घालतं. असं करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य. मग झाड पाहून यातलं कोणतं ते कसं सांगणार? नाही सांगता येत. झाड एक छोटी यादी देतं, आणि त्या यादीतून एक नाव उचलायला पंखच लागतात. पण उरलेल्या यादीकडे नीट पाहा. लाइम बटरफ्लाय पिवळट आणि बिनशेपटीचं, ब्लू मॉर्मन भलंमोठं, मागच्या पंखांवर निळी झाक असलेलं. ही तिन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. जी खरोखर मिसळतात, म्हणजे मॉर्मनची मादी आणि रोझ, ती नेमकी झाडानेच वेगळी होतात. जिथे पंख गोंधळ घालतात तिथे झाड बोलतं आणि जिथे झाड गप्प बसतं तिथे पंख पुरे पडतात. वाद फक्त आधी कुणाला विचारायचं एवढाच आहे.

तिसरा आक्षेप आजचा. मोबाइलवर फोटो चढवला की अ‍ॅप नाव सांगतं, मग हा सगळा खटाटोप कशाला? अ‍ॅपला नावं ठेवण्यात अर्थ नाही. स्वच्छ फोटो असेल तर ती बहुतेक वेळा बरोबर सांगतात. पण आयनॅचरलिस्टसारखी यंत्रणा फोटोबरोबर ठिकाणही लक्षात घेते आणि त्या परिसरात काय आढळतं याच्याशी ताडून मग नाव सुचवते. पंखांची लाखो चित्रं घोकलेल्या यंत्रालाही पत्ता विचारावासा वाटतो, मग माणसाने तो का सोडावा?

इंग्लंडमधून एक उलटं उदाहरण पुढे करता येईल. युरोपभर सापडणारं पिवळंधमक पॅपिलिओ मकाऑन, ज्याला तिथे नुसतं स्वॅलोटेल म्हणतात आणि जे आपल्या हिमालयातही आहे, ते युरोपच्या मुख्य भूमीवर बडीशेप, गाजर अशा कितीतरी झाडांवर वाढतं. अशा सर्वभक्षी जातीचा पत्ता काय सांगणार? पण त्याच जातीची ब्रिटिश उपजात नॉर्फोकच्या दलदलीत, मिल्क पार्सली नावाच्या एकाच पाणथळ रोपाला बांधली गेली आहे. केंब्रिजशायरमधल्या विकन फेन या दलदलीतून ती १९५० च्या दशकात नाहीशी झाली आणि १९७० च्या दशकात पुन्हा सोडूनही तिथे टिकली नाही. पंख जवळपास तसेच, पण घर अरुंद झालं आणि त्याबरोबर नशीबही. तेव्हा हे उदाहरण माझ्या विरोधात फार जात नाही.

आपल्या कॉमन मॉर्मनचं घर मात्र उलट रुंदावत गेलं, आणि त्यात आपलाच हात आहे. लिंबाच्या कुळातली झाडं माणसाने जिथे जिथे नेली तिथे तिथे या फुलपाखराची सोय झाली. परसातला कढीपत्ता, देवळाजवळचा बेल, सोसायटीच्या कुंपणाची कुंती, गच्चीवरच्या कुंडीतलं लिंबू. हे जंगलातलं फुलपाखरू उरलेलं नाही, आपल्या स्वयंपाकघराशी त्याचा संबंध आहे. विदर्भातला संत्रा बागायतदार हे ऐकून नाक मुरडेल. त्याच्या दृष्टीने कोवळी पानं कुरतडणारी अळी ही अळीच, आणि रोपवाटिकेत ती नुकसान करते हे खरंच आहे. मात्र संत्र्या-लिंबाच्या बागेतला मुख्य आरोपी सहसा लाइम बटरफ्लाय असतो, त्यामुळे इथेही नाव बरोबर लागलं तर शिक्षा चुकीच्या पाहुण्याला होणार नाही. घरातल्या कढीपत्त्याची चार पानं गेली तर फोडणीचं फारसं बिघडत नाही.

अडचण आहे ती मूळ नटाची, म्हणजे रोझची. त्यांची वेल कुणी कुंडीत लावत नाही. सापसंद जुन्या कुंपणांवर, निवडुंग-करवंदीच्या जाळीत आपोआप चढायची. तिची उलट्या छत्रीसारखी फुटणारी फळं वाळून लोंबकळत राहायची. कुंपणाच्या जागी सिमेंटची भिंत आली की तिला आधार नाही आणि किडामारीला तर बांधावर कोळपून टाकलं जातं. कढीपत्ता मात्र वाढतोच आहे. तेव्हा एखाद्या वस्तीतून रोझ गेली आणि मॉर्मन राहिली तर काही पिढ्यांनी तिथल्या माद्यांची रूपं कोणती असतील, हे मियाको बेटाच्या उलट दिशेने जाणारं गणित आहे. ते सोडवायला प्रयोगशाळा लागत नाही. आपल्या गल्लीतल्या कढीपत्त्यावर येणाऱ्या माद्यांपैकी किती सायरस, किती स्टिकिअस आणि किती रोम्युलस, आणि जवळपास कुठे सापसंद तग धरून आहे का, एवढी नोंद पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत दरवर्षी ठेवली तरी पुरे.